आधी बदललं, मग जन्मलं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक अरुंद खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे ‘बोलक्या बाई’ म्हणत. बाई स्वतः मुलखाच्या अबोल. पण ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणं हे त्यांचं काम, म्हणून ते नाव चिकटलं आणि बाईंनीही ते कधी झटकलं नाही. मेंदूला झटका बसून जीभ लुळी पडलेले, शब्द ओठांवर येऊन अडणारे, ‘पाणी’ म्हणायला जावं तर तोंडून ‘पंखा’ निघणारे, असे लोक त्यांच्याकडे येत. बाई चित्राचं कार्ड समोर धरत, टेबलावरचा रेकॉर्डर चालू करत आणि विचारत, ‘‘हे काय आहे?’’ मग गप्प राहून वाट बघत. वाट बघणं हेच त्यांचं अर्धं काम होतं.

प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग शनिवारी कॉम्प्युटरवर चढे. प्रत्येक पेशंटचं एक फोल्डर, आत त्याच्या फायली. या फायलींना नाव द्यायचं मात्र बाईंच्या जिवावर येई. रेकॉर्डर आपणहून जे नाव देई तेच त्या राहू देत: ‘नवा आवाज’, ‘नवा आवाज दोन’, पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘नवा आवाज’. थोरली बहीण, अक्का, एकदा म्हणाली होती, ‘‘अगं, एका वर्गात सगळ्याच पोरांची नावं सारखी ठेवलीस तर हजेरी कशी घेशील?’’ त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. ‘‘शेजारी तारीख असते की. नाव आपण देतो, तारीख कॉम्प्युटर देतो. तो कशाला चुकेल?’’

मग इस्पितळाने बाईंना नवा कॉम्प्युटर दिला. मंगळवारी सकाळी त्यांनी तो उघडला आणि फायली तारखेने लावायला गेल्या, तर सगळ्याच फायलींची तारीख एक. सोमवार. कालचा.

इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस गळ्यात कायम एखादी वायर अडकवून हिंडे, म्हणून त्याचं नाव वायरवाला. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

‘‘सगळ्या फायलींवर कालची तारीख कशी?’’

‘‘काल कॉपी केल्या ना मॅडम, मग कालचीच येणार.’’

‘‘अरे, पण आतला माणूस तीन वर्षांपूर्वी बोललाय!’’

‘‘माणूस बोलला असेल तेव्हा. फाइल काल जन्मली.’’

बाईंचा चेहरा बघून त्याने खुर्ची ओढली, माउस हातात घेतला आणि आणखी एक रकाना उघडून दाखवला. ‘‘ही बघा, शेवटचा बदल केल्याची तारीख. ही कॉपी करताना सहसा तशीच राहते. बघा, जुनी आहे.’’

जुनी होती खरी. पण तीही सगळ्यांची एकच: मागच्या महिन्यातली एक दुपार. बाईंना ती दुपार लख्ख आठवली. रेकॉर्डिंगमधला आवाज बारीक येतो म्हणून त्यांनी कुठलंसं बटण दाबून सगळ्या फायलींचा आवाज एका दमात मोठा करून घेतला होता. तेव्हा किती शहाणपणाचं वाटलं होतं ते.

‘‘म्हणजे ही फाइल आधी बदलली आणि मग जन्मली?’’

‘‘कॉम्प्युटरच्या हिशेबात, हो.’’

‘‘आणि फोल्डरची तारीख?’’

‘‘तिच्यावर तर जाऊच नका. आत काही ठेवलं, आतलं काही काढलं, की ती बदलली.’’

रेकॉर्डरमध्ये शेवटच्या थोड्या फायली अजून होत्या. त्यांतल्या काहींवर बाईंनी रेकॉर्डर विकत घेण्याच्याही आधीची तारीख होती. बॅटरी पार उतरली की त्याचं घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या दिवसावर जाऊन बसे, आणि बॅटरी बदलल्यावर तारीख लावायचं भान कुणाला असतं?

‘‘जुना कॉम्प्युटर तरी कुठाय?’’ बाईंनी विचारलं.

वायरवाल्याने गळ्यातली वायर सारखी केली. ‘‘पुसून एक्स-रेवाल्यांना दिला. आज सकाळीच.’’

एरवी बाईंनी कपाळाला हात लावून विषय सोडला असता. पण वेळ वाईट होती. मोठ्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की बाहेर पेशंटची रांग वाढते आहे. जे वर्षानुवर्षं येत आहेत त्यांच्यात सुधारणा दिसत असेल तर ठेवा, नसेल तर त्यांची वेळ दुसऱ्याला द्या. महिन्याअखेर प्रत्येकाची आधीची आणि आताची रेकॉर्डिंग ऐकवा. आता आधीचं कुठलं आणि आताचं कुठलं हेच कळेना, तर ऐकवणार काय?

अशा जुन्या पेशंटांत पहिलं नाव होतं मास्तरांचं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. निम्म्या गावाने त्यांच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. सगळ्या शब्दांतून एकच मागे राहिला: ‘हळू’. आयुष्यभर शिकाऊ माणसांना ‘क्लच हळू सोडा’ म्हणत आले, त्यातलं तेवढंच शिल्लक राहिलं. चहा हवाय का? ‘हळू.’ हे काय आहे? ‘हळू.’ बायकोवर रागावले तरी ‘हळू!’ आणि डोळ्यांत पाणी आलं तरी ‘हळू’च. तसे अधूनमधून दुसरे शब्दही निघत, कधी एखादं वाक्यही. पण ते कधी निघालं आणि कधी आटलं, हे आता त्या एकसारख्या तारखांखाली गाडलं गेलं होतं.

घरी बाईंनी अक्कापुढे मन मोकळं केलं. अक्का कपडे घडी करत होती. ‘‘फोटो असते तर अंगावरच्या कपड्यांवरून, केसांवरून ओळखलं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘आवाजाला कसले आलेत कपडे?’’

‘‘आवाज सुधारत जातो ना. आधी अडखळतो, मग मोकळा होतो. त्यावरून लावीन क्रम.’’

‘‘लाव,’’ अक्का म्हणाली. ‘‘पण माणूस काय जिन्यासारखा सरळ वरच जातो का गं?’’

बाईंनी ते कानाआड केलं. दुसऱ्या दिवसापासून पेशंट गेले की त्या कानाला हेडफोन लावून बसू लागल्या. मास्तरांचं फोल्डर उघडायचं, एकेक ‘नवा आवाज’ ऐकायचा, आणि नुसतं ‘हळू’ असेल तर खाली, एखादा शब्द असेल तर मध्ये, वाक्य असेल तर वर. आठवडा संपायच्या आत सुंदर चढण तयार झाली. तळाशी हळू, हळू, हळू. मग ‘चावी’, ‘बादली’. मग ‘पाणी दे’. आणि अगदी टोकाला एक रेकॉर्डिंग, ज्यात मास्तर ठणकावून म्हणत होते, ‘‘छत्री आहे ती, छत्री! काठी नाही!’’ तीन वर्षांच्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं बाईंना. इतकं चांगलं बोलायला लागले होते मास्तर आणि आपल्या ते ध्यानात कसं राहिलं नाही, असं क्षणभर मनात आलं. पण सुखाच्या गोष्टीची फार उलटतपासणी कोण करतं?

मोठ्या डॉक्टरांना ऐकवण्याआधी हे मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला ऐकवावं, त्यांना बरं वाटेल, म्हणून बाईंनी दोघांना बोलावलं. मास्तरीणबाई ठसठशीत बाई. नवरा आजारी पडल्यावर गाडी शिकवायचा धंदा त्यांनीच सांभाळला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले. बाईंनी एकामागून एक आवाज लावले. पहिल्या ‘हळू’ला मास्तरीणबाई हसल्या, ‘चावी’ला त्यांनी मान डोलावली. मग शेवटचं लागलं. छत्री, काठी.

‘‘अगंबाई, ह्या तर आमच्या वन्सं!’’ मास्तरीणबाई म्हणाल्या.

‘‘कोण?’’

‘‘पुन्हा लावा बरं. ती मागे कुणी बाई बोलतेय ना, ‘अरे ही तर काठी’ म्हणून? ह्यांची थोरली बहीण. मला शिकवणी सोडता येत नव्हती, म्हणून त्याच ह्यांना घेऊन यायच्या तुमच्याकडे. विसरलात?’’

बाई विसरल्या नव्हत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सारखी मध्ये तोंड घालणारी एक म्हातारी होती, आणि बाई तिला बोटाने गप्प राहायची खूण करत. पण ऐकताना त्यांचे कान फक्त मास्तरांच्या चुका मोजत होते. आवाज मोठा करून घेतला तेव्हा त्या कोपऱ्यातला आवाजही मोठा झाला होता, आणि तरीही तो त्यांना ऐकू आला नव्हता.

‘‘पण त्या तर…’’

‘‘पहिल्याच वर्षी होत्या. मग लेकीकडे गेल्या त्या गेल्याच, पुन्हा आल्या नाहीत.’’

म्हणजे जिन्याची सगळ्यात वरची पायरी खरं तर अगदी खालची होती. मास्तर पहिल्या वर्षी वाक्यं बोलत होते आणि आता, या महिन्यात, दहा कार्डांतल्या आठांना ‘हळू’ म्हणत होते. बाईंनी उभी केलेली चढण ही खरी उतरण होती. बैठकीमागून बैठक होत गेली, दोन बैठकांमध्ये फरक कधी जाणवला नाही, आणि माणूस मात्र हळूहळू गप्प होत गेला.

मास्तरीणबाई हुशार. त्यांना मोठ्या डॉक्टरांचं फर्मान ठाऊक होतं. त्या खुर्ची पुढे ओढून खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘बाई, राहू दे ना असंच. छान लागलंय. तारीख तर सगळ्यांवर एकच आहे, कोण विचारणार?’’

बाईंना उत्तर माहीत होतं, पण समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून ते त्यांच्या तोंडून निघेना. या बैठका बंद झाल्या तर मास्तर दिवसभर गाडी-शिकवणीच्या ऑफिसातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हळू’ म्हणत राहणार, हे दोघींनाही दिसत होतं.

तेवढ्यात मास्तरांनी टेबलावर बोट आपटलं. पडद्यावरच्या फायलींकडे बोट केलं, ते वरून खाली आणलं, मान जोरजोरात हलवली. चेहरा लाल झाला. ‘‘री… री… रिव्हर्स!’’ ते म्हणाले. ‘‘रिव्हर्स!’’

दोघी बघत राहिल्या. मास्तर स्वतःच हसायला लागले.

हा शब्द त्या खोलीत आजवर कधी निघाला नव्हता. बाईंच्या मनात काहीतरी हललं. आपण क्रम उलटा लावला, ती चूक मास्तरांना सहन झाली नाही, आणि शब्द बाहेर आला. वन्सं छत्रीला काठी म्हणाल्या, तेव्हाही तेच. बाईंनी घाईने वन्संची आणखी चार-पाच रेकॉर्डिंग शोधून लावली. बादलीला वन्सं ‘टोपी’ म्हणाल्या की मास्तर ‘बादली!’ म्हणून ओरडत. कंगव्याला त्या ‘करवत’ म्हणाल्या तेव्हा तर मास्तरांनी ‘अगं डोळे फुटले का तुझे’ इतकं लांबलचक वाक्य फेकलं होतं.

‘‘वन्सं ह्यांना मुद्दाम डिवचत होत्या का हो?’’ बाईंनी विचारलं.

‘‘त्यांनाच विचारू,’’ म्हणत मास्तरीणबाईंनी फोन लावून मध्ये ठेवला.

‘‘मुद्दाम कशाला चुकेन गं बाई?’’ पलीकडून वन्संचा खणखणीत आवाज आला. ‘‘मोतीबिंदू झाला होता मला तेव्हा! कार्डावर काय आहे ते दिसायचंच नाही. तो मेला माझ्यावर खेकसायचा नुसता. आता ऑपरेशन झालंय, आता मला छत्री छत्रीच दिसते. का, काय झालं?’’

मास्तर फोनकडे वाकून म्हणाले, ‘‘हळू.’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘हो रे बाबा, हळूच बोलतेय,’’ आणि रडायला लागल्या.

फोन ठेवल्यावर बाईंनी चावीचं कार्ड उचललं. आयुष्यात त्यांनी पेशंटला कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. पुस्तकात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हटलं, ‘‘मास्तर, हा चमचा.’’

मास्तरांनी त्यांच्याकडे, शिकाऊ मुलाने तिसऱ्या गिअरवर गाडी सुरू करावी आणि आपण बघावं, तसं बघितलं. मग जिभेची जुळवाजुळव करून म्हणाले, ‘‘चावी.’’

जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या चुका सुधारल्या, त्याला आपण तीन वर्षं परीक्षेला बसवत होतो. बाईंना हे सुचलं आणि त्यांचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. पण मोठ्या डॉक्टरांपुढे जायला अजून थोडे दिवस होते, आणि अवघडून बसायला सवड नव्हती.

पुढची बैठक खोलीत झालीच नाही. मास्तरीणबाई शिकवायची गाडी इस्पितळाच्या मागच्या आवारात घेऊन आल्या. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली, छपरावर पाटी असलेली. मास्तरांना शिकवणाऱ्याच्या सीटवर बसवून त्या स्वतः गाडीमागच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. बाई स्टिअरिंगसमोर बसल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, त्यामुळे चुकायचं नाटक करावं लागणार नव्हतं. किल्ली काढून घेतलेली, गाडी जागची हलणार नाही याची खात्री केलेली, आणि मध्ये रेकॉर्डर.

सुरुवातीला बाई बोलल्या. ‘‘आज तारीख…’’ आणि त्यांनी मुद्दाम महिना चुकवला. आता बाहेरच्या तारखेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता; आवाजाच्या पोटातच तारीख ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. मास्तरांनी दोन-तीनदा श्वास घेतला आणि महिना दुरुस्त करून दिला.

मग बाईंनी पाय ठेवला. ‘‘हा ब्रेक ना?’’

‘‘क्लच!’’

‘‘बरं, आता सोडते.’’ त्यांनी पाय झटकन उचलला.

‘‘अहो, हळू! हळू सोडा!’’ मास्तर ओरडले, आणि पहिल्यांदाच तो शब्द आपल्या जागेवर बसला. ‘‘आरसा. आधी आरसा बघा. मागे… मागे कोण?’’

‘‘मागे कोणी नाही.’’

‘‘बघितलं नाही तुम्ही! बघा!’’

बाईंनी आरशात बघितलं. मागे मास्तरीणबाई पदराने डोळे पुसत होत्या.

मोठे डॉक्टर म्हणजे दुष्ट माणूस नव्हता, थकलेला होता. टेबलावर कागदांचा ढीग, बाहेर माणसांची रांग. बाईंनी त्यांना सगळं सरळ सांगितलं: तारखा गेल्या, कशा गेल्या, आपण क्रम कसा लावला आणि तो कसा चुकला.

‘‘म्हणजे पेशंट तीन वर्षांत खाली आला, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगताय?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘हो. मी चुकीच्या दिशेने विचारत होते. ते उत्तरं देणारे नाहीत, ते शिकवणारे आहेत.’’ आणि बाईंनी आवारातलं रेकॉर्डिंग लावलं. तारीख चुकते, मास्तर ती सुधारतात. क्लच, आरसा, मागे कोण.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. ‘‘गाडी कोण चालवतंय?’’

‘‘मी.’’

‘‘मग रस्त्यावर येऊ नका,’’ ते म्हणाले. आठवड्यातून दोनऐवजी एक बैठक मिळाली, सहा महिन्यांसाठी. बाईंनी आणखी ओढून धरायचा प्रयत्न केला, पण त्यापुढे डॉक्टर हलले नाहीत. रिकामी झालेली दुसरी वेळ एका तरुण बाईला मिळाली, जिला आपल्या बाळाचं नाव घेता येत नव्हतं, आणि मग बाईंना त्याबद्दल कुरकुर करता येईना.

मास्तर पहिल्यासारखे कधीच बोलले नाहीत. कार्डासमोर बसवलं तर आजही अडतात. पण कुणी चुकलं की त्यांची जीभ सुटते, आणि जगात चुकणाऱ्यांना काही तोटा नाही. मास्तरीणबाईंनी त्यांना मागच्या सीटवर बसवून पुन्हा शिकवणीला न्यायला सुरुवात केली. एकदा त्या तणतणत खोलीत आल्या: ‘‘काल माझ्याशी भांडले हो! तीन वर्षांत पहिल्यांदा. मी वळण चुकीचं घेतलं म्हणे. मला! मी वीस वर्षं गाडी चालवतेय!’’ त्या इतक्या खुशीत होत्या की चहा घ्यायच्या विसरल्या.

वन्संना बाईंनी दर महिन्याला एकदा फोनवर बोलवायची पद्धत पाडली. आता वन्सं मुद्दाम चुकतात, पण त्यांना ते जमत नाही. फार हसू येतं त्यांना, आणि मास्तरांना लबाडी लगेच कळते.

बाईंनी आता प्रत्येक फायलीला नाव द्यायला सुरुवात केली आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे कुणीही कॉपी केलं तरी क्रम मोडायचा नाही. हे वायरवाल्याने शिकवलं. ‘‘हे आधीच का नाही सांगितलंस?’’ असं बाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘विचारलं कुठे तुम्ही?’’

राहिली इतरांची जुनी फोल्डरं. पेशंट गेले की बाई दुपारी एखादं उघडून बसतात. आता त्या पेशंटचा आवाज आधी ऐकत नाहीत. बाजूचं ऐकतात. पलीकडच्या खोलीत भिंत फोडत होते ते वर्ष. त्यांचा स्वतःचा घसा बसला होता तो महिना. दारात कुणाचं तरी तान्हं बाळ रडतंय, आणि पुढच्या कुठल्यातरी फायलीत तेच बाळ ‘आजोबा’ म्हणतंय, तर ती फाइल नंतरची. असं करत करत बरीच लागली. काही लागत नाहीत. नुसता पंखा, एक प्रश्न, आणि उत्तर नाही. ती माणसं आता येत नाहीत, विचारायला कुणी उरलेलं नाही. त्या फायली बाईंनी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि त्याला नाव दिलं: ‘क्रम माहीत नाही’.

वायरवाला ते बघून म्हणाला, ‘‘मॅडम, ह्या काढून टाकल्या तरी चालतील. जागा अडते.’’

‘‘अडू दे,’’ बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.